त्रेसष्ट गोठ्यांचं गाव

९ जानेवारी १९६८, मंगळवार

नोकरी लागली! ग्रामपंचायतीची. रोज दोन रुपये. काम असं — गावातली सगळी घरं टेपनं मोजायची आणि वहीत लिहायची. लांब किती, रुंद किती, कौलारू की पेंढ्याचं. त्यावरून घरपट्टी बसणार.

ग्रामसेवक पुंडलिकरावांनी माझं अक्षर पाहिलं आणि ठेवलंच. "शिक्षण?" म्हटलं, सातवी. नापास, हे नाही बोललो. "गाव?" सिन्नर. "मग इकडे कसा?" आता हे कुठून सांगायचं! इगतपुरीला हॉटेलात होतो, तिथून एका सर्कशीमागं भिवंडीला गेलो, तिथं एक ट्रकवाला म्हणाला, तारापूरला अणूची वीज करतायत, बघायला चल. आलो. दोन महिने झाले. अणू अजून दिसला नाही. कुंपणाबाहेरून क्रेन दिसते, ती मात्र काय झोकात मान फिरवते! अमेरिकन साहेब बाजारात चड्डीवर येऊन केळी घेतो, तोही पाहिला.

तर नोकरी. हे लिहायचं होतं.

११ जानेवारी

पुंडलिकरावांनी आज सगळं समजावलं. दरवर्षी पंचायतीनं अंदाजपत्रक करून तालुक्याला पाठवायचं. एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला खर्च. "तूट दाखवायची नाही. तूट दिसली की कागद परत." जमेत मोठं म्हणावं असं एकच — घरपट्टी. आणि ती दहा वर्षांपूर्वीच्या मापावर! खर्च मात्र आजचा. दिवाबत्ती सोडता येत नाही, विहिरीतली पावडर सोडता येत नाही, रस्त्याचा मुरूम सोडता येत नाही. सोडता येईल असं एकच कलम आहे. खाडीवरची होडी.

होडी देवू चालवतो. पंचायत त्याला महिना पस्तीस रुपये देते, म्हणून बसणाऱ्याला काही पडत नाही. पलीकडे वारल्यांचा पाडा आहे, तोही याच पंचायतीतला. तिकडची अठरा पोरं होडीनं इकडच्या शाळेत येतात. बायका लाकडाच्या मोळ्या, काकड्या, करांद्यांचे कंद घेऊन येतात. होडी बंद झाली तर पाम गावावरून वळसा. पाच मैल! सहा वर्षांचं पोर पाच मैल चालून शाळेला येणार आहे थोडंच.

"तू नीट मोजलंस तर पट्टी वाढेल," पुंडलिकराव म्हणाले. "पट्टी वाढली तर होडी राहील. नाही तर एक एप्रिलपासून बंद."

एवढं सगळं माझ्या टेपवर! छाती जरा फुगली.

१२ जानेवारी

आज मोजायला सुरुवात करणार होतो. होडी बघायला गेलो आणि दिवस तिथंच गेला. चार खेपा केल्या. देवू म्हणाला, "उतरत का नाय तू?" म्हटलं, बसतो. "मंग वल्हं धर." धरलं. होडी आडवी झाली. भागी नावाची बाई होती पाड्यावरची, लाकडाची मोळी घेऊन बसलेली — खो खो हसत सुटली. "अरे देवू, हा पोर कुठं नेतो आमाला? डहाणूला?"

तिची पोर नवसी, चौथीत आहे. पाड्यातून चौथीपर्यंत पोचलेली पयली, भागीनं तीन वेळा सांगितलं. नवसीनं मला पाढे म्हणून दाखवले. सतराचा पाढा! मला नाही येत.

देवू मला प्लांटचंच विचारत होता. किती माणसं, हजेरी कोण घेतो, जेवायची सुट्टी असते का. मला काय माहीत!

१६ जानेवारी

सुरुवात सरपंचांपासून. घर नंबर एक, एकनाथभाऊ. भला माणूस, तिळगूळ दिला, संक्रांत होऊन दोन दिवस झाले तरी. पुढचं घर मोजलं. मागं एक नवी कोरी बांधलेली खोली. कौलं अजून लाल.

"हे काय लिहू?"

"गोठा," एकनाथभाऊ म्हणाले.

आत डोकावलो. लोखंडी पलंग. भिंतीला आरसा. स्टोव्ह. आणि एक बाई लसूण सोलत बसलेली — रत्नाबाई, साताऱ्याकडची, नवरा प्लांटवर फिटर. महिना पंधरा रुपये भाडं देतात, हे तिनंच मला बाजारात सांगितलं होतं.

"म्हैस कुठं आहे?" मी विचारलं.

"चरायला गेली," एकनाथभाऊ म्हणाले.

रत्नाबाई आतून ओरडली, "न्हाई वो, हितंच बसलीया, लसूण सोलतीया!"

एकनाथभाऊंनी खोकून घेतलं. मग मला एक शहाळं फोडून दिलं. मी गोठा लिहिलं. गोठ्याला पट्टी नाही. भाड्याच्या खोलीला आहे, आणि चांगली आहे.

२३ जानेवारी

या गावात जिथं तिथं गोठे!

प्लांट सुरू झाल्यापासून जो तो मागच्या अंगाला खोली काढतोय, आणि मी टेप घेऊन दारात उभा राहिलो की तिचा गोठा होतो. एका गोठ्यात ट्रान्झिस्टर वाजत होता. मालक म्हणाला, गाणं ऐकलं की गाय दूध जास्त देते. एकाला कुलूप होतं, आतून शर्टाची बाही खिडकीबाहेर वाळत होती. एका गोठ्यात दोन मल्याळी कामगार रात्रपाळी करून झोपलेले. उठून बसले बिचारे. त्यातल्या एकानं विचारलं, "क्या हुआ? ये कौन है?" मालक म्हणाला, "कुछ नहीं, पट्टीवाला है. तुम अभी गाय है. सो जाओ." ते झोपले.

मी काय करू! जो सांगेल ते लिहितो. आणि लोक देतात काय काय — आज सुके बोंबील, दोन नारळ, चिकूंची पिशवी. माणसाचं तोंड भरलेलं असलं की त्याला नाही म्हणता येत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. पोरांना बत्तासे, मलाही दोन.

आज माईकडं मोजलं. माई म्हणजे माझी घरमालकीण. एकटीच असते, पुढं दोन खोल्या, मागं मी. भाडं तीन रुपये, मी अजून दिलेलं नाही, तीही धड मागत नाही. भात-कालवण वर देते.

"मागं काय लिवलंस?"

"तुम्ही सांगाल ते, माई."

"गोठा लिही."

"अहो, मी राहतो त्यात!"

"मंग? खातोस तर बैलावानीच."

लिहिलं. स्वतःलाच गोठ्यात घातलं.

३१ जानेवारी

संपलं मोजून! वहीच्या शेवटी मी आपल्या मनानं एक गोषवारा केला, लाल शाईनं, रेघा मारून. घरं दोनशे चौदा. विहिरी अकरा. गोठे त्रेसष्ट. काय देखणं पान झालं!

पुंडलिकरावांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला. "गावात गुरं किती आहेत, माहीत आहे? एकोणचाळीस. धरून वासरं."

मी वही मिटायला लागलो.

"वर्षाला नव्वद रुपयांनी वाढतेय पट्टी. देवूला लागतात चारशे वीस. डोळे कुठे होते तुझे?"

"लोक म्हणाले तसं —"

"पिशवीत काय आहे?"

चिकू होते. मुकाट्यानं टेबलावर ठेवले. त्यांनी एक घेतला, खाल्ला, बी खिडकीतून टाकली. "गोडायत," म्हणाले. सरपंचांनी बदल करू नका सांगितलंय, सही पण केली. वहीची नक्कल उद्या तालुक्याला जाणार.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. आज होडीकडे गेलो नाही.

११ फेब्रुवारी

होडीकडे गेलो. वल्हं आता बरं जमतं. भागीला सांगून टाकलं की होडी बंद होणार बहुतेक. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग पटलं. काठाला लागल्यावर म्हणाली, "नवसीची परीक्षा एप्रिलात हाय."

देवूला विचारलं, तुझं काय? तो म्हणाला, "ठेवली तर ठेवतील. नाय तर नाय." आणि भरतीच्या पाण्याकडे बघत बसला. कमाल आहे या माणसाची!

४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

दुपारी तालुक्याहून एक शिपाई आला. हातात कागद, मागं दोर, आणि दोराला — वळू! डांगी जातीचा, पांढरा-काळा, एवढं मोठं वशिंड. शिपायानं कागद वाचला. आपल्या गावातील गोठ्यांची संख्या त्रेसष्ट पाहून समाधान वाटलं, तालुक्यात एवढे गोठे दुसऱ्या गावी नाहीत, तरी पैदाशीसाठी जातिवंत वळू देण्यात येत आहे. चारा, पेंड व राखण पंचायतीनं करावी.

माझं लाल शाईचं पान कुणीतरी वाचलं तर!

पुंडलिकराव खुर्चीत बसले ते उठेचनात. एकनाथभाऊ वळूभोवती एक चक्कर मारून आले आणि हळूच म्हणाले, "चाळीस रुपये तरी म्हैन्याला खाईल हा."

पोरांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. तालुक्याहून आला म्हणून.

६ मार्च

अंदाजपत्रकाचा मसुदा चावडीवर लावला. वळूचा खर्च: चारशे ऐंशी. होडीच्या कलमापुढे आडवी रेघ. सभा रविवारी.

साहेब शाळेपुढच्या झाडाला बांधलाय. दोन मास्तर वर्गाबाहेर येत नाहीत.

८ मार्च

पुंडलिकराव काही साधे नाहीत! आज त्यांनी दवंडी पिटवली — वळूला स्वतंत्र जागा नाही, सबब ज्यांच्याकडे गोठे आहेत त्यांनी पाळीनं एकेक दिवस ठेवून घ्यावा. घर नंबराप्रमाणे.

या गावात पाळी म्हणजे पाळी. देवळाचा दिवा पाळीनं, विहीर उपसायची पाळीनं, होळीची राखण पाळीनं. आजारी माणूससुद्धा शेजाऱ्याच्या हातून का होईना पाळी देतो. पाळी चुकवलेल्या माणसाचं नाव पोराच्या लग्नापर्यंत निघतं. नाही कोण म्हणणार?

पहिला नंबर एकनाथभाऊंचा! तेरा नंबरात माई, पण मधल्यांत एकाकडेच गोठा, त्यामुळे सोमवारी तिची पाळी. म्हणजे माझी.

९ मार्च

सकाळपासून एकनाथभाऊंच्या मागच्या दारी अर्धं गाव. मी तर सहालाच जाऊन बसलो.

एकनाथभाऊ रत्नाबाईला समजावतायत, "एक दिवसाचा प्रश्न हाय बाई, पलंग जरा भायेर घेऊ —"

रत्नाबाई दारात आडवी. पदर खोचलेला. "आवं पाटील, म्या भाडं भरती म्हैन्याच्या म्हैन्याला! त्यो बैल भरतोय व्हय? बैल आत आला की आमी भाहेर, आन् जाताना समद्या आळीला सांगून जाईन, हितं गाभण म्हशीच ठिवत्यात म्हून!"

शेवटी साहेबाला पुढच्या पडवीत बांधला. त्यानं वाळत घातलेलं धोतर अर्धं खाल्लं आणि खांबाला अंग घासलं. तीन कौलं पडली. एकनाथभाऊ दिवसभर हातात छत्री घेऊन अंगणात उभे.

संध्याकाळी दोन मल्याळी आपली ट्रंक घेऊन रस्त्यानं जाताना दिसले. मागून मालक धावत होता, "अरे रुको! गाय नहीं है तुम, आदमी है!"

१० मार्च, रविवार

ग्रामसभा. शाळेचं पटांगण भरलं. इतकी माणसं या गावात आहेत हे मला घरं मोजूनही कळलं नव्हतं. देवूनं तीन खेपांत अख्खा पाडा आणला, आणि स्वतः मागं भिंतीला टेकून उभा राहिला.

पुंडलिकरावांनी जमा वाचली, खर्च वाचला. होडीवर आले. "निधीअभावी बंद करावी लागत आहे." सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मीही.

मग भागी उठली. पाड्याची माणसं कुणालाही अहो-जाहो करत नाहीत, सरपंचालाही नाही.

"तू सरपंच हायस ना? मंग सांग. बैलाला खायाला पैसे हायत, होडीला नाय?"

एकनाथभाऊ म्हणाले, "सरकारी बैल हाय तो, बाई."

"मंग सरकारी बैल घाल पान्यात. आमची पोरां त्याच्या पाठीवर बसून येतील शाळंला!"

हशा! मास्तरसुद्धा हसले. पण भागी हसली नाही. उभीच राहिली. म्हणाली, "तुमच्या पोरांना शाळा दारात हाय. माझी पोर चौथीत हाय. पाच मैल ती चालंल. मी चालवीन तिला. ती बाकीची सतरा लहान हायत, ती नाय चालायची." आणि बसली.

आता हसायला कुणी नव्हतं. ते शहाळं, ते बोंबील, ते चिकू — सगळे आठवले. उठलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "वहीत मी खोटं लिहिलंय," म्हटलं. "गोठे त्रेसष्ट नाहीत. मी स्वतः एका गोठ्यात राहतो."

एकनाथभाऊ ओरडले, "अरे, तू बस खाली!"

तेवढ्यात माई. बसल्या जागेवरूनच. "तो कशाला बसंल? खरं बोलतोय. लिही रे, माझ्या मागं खोली हाय. भाड्याची. हा मेला भाडं देत नाय ती गोष्ट येगळी, पन खोली हाय. आनि उद्या तो बैल माझ्या दारात नको!"

मग काय! बारा नंबराचा म्हणाला, माझीबी खोलीच लिवा. ट्रान्झिस्टरवाला म्हणाला, माझी अर्धी. "अर्धी कशी?" "अर्ध्यात लाकडं असतात." पुंडलिकरावांनी ती अर्धी लिहिली, तेवढं सोडलं. शेवटी सगळे वळून एकनाथभाऊंकडे बघायला लागले. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "लिवा," म्हणाले. "पंधरा रुपये भाडं लिवा. नाय तर ती बाई हितं येऊन सांगंल."

मागून रत्नाबाई म्हणाली, "आलेलीच हाय म्या!"

गोठे राहिले चौदा. त्यात खरोखर गुरं आहेत, उद्या जाऊन बघणार.

१३ मार्च

चौदाही पाहिले. एकात गाय मला चाटली. बरं वाटलं.

नवी आकारणी केली, जमा-खर्च बसला! वर सव्वीस रुपये शिल्लक. पुंडलिकरावांनी बेरीज तीन वेळा केली, तीन वेळा तीच आली, मग त्यांनी मला चहा पाजला. होडीचं कलम शाईनं परत लिहिलं — चारशे वीस. वळू नको, असं तालुक्याला कळवलं.

देवूला सांगायला धावत गेलो. म्हणाला, "बरं झालं." बस! एवढंच. मी काय नाचणार होतो का त्याच्यासाठी! भागीनं मात्र एक करांद्याची टोपली माईकडे पाठवली. माईनं उकडून मला दिले. अजून पोटात आहेत.

२७ मार्च, पालघर

साहेबाला पोचवायचं काम मागून घेतलं. कालची सकाळ ते आजची दुपार, चालत. माणसं वाटेवर विचारत होती, कुठला बैल? म्हटलं, बदली झाली. दमायला लागला की खाली बसायचा, मीही बसायचो. एका ठिकाणी आंब्याला कैऱ्या धरलेल्या, तिथं आमचा दीड तास गेला. गुणी जनावर! शिपायानं पोच दिली. जाताना साहेबानं वळूनही पाहिलं नाही.

आता स्टेशनवर आहे. मोजणीचे पैसे परवा मिळाले, माईचं भाडं दिलं, उरले एकतीस रुपये. सुरतेची गाडी पावणेतीनला. सुरत पाहिलेली नाही. रांगेत उभाही राहिलो. पण खांद्यावर माईचा दोर आहे, विहिरीचा — साहेबाला बांधायला म्हणून तिनं सोडून दिलेला. मी इकडे दोर घेऊन सुरतेला जाणार आणि ती पाणी कशानं काढणार?

गाडी आली. गेली. भजी खाल्ली. दोर देऊन येतो, मग सुरत.

३० मार्च, शनिवार

देवू गेला! परवापासून प्लांटवर, रोज चार रुपये. गेल्या पावसाळ्यातच त्यानं नाव देऊन ठेवलं होतं म्हणे, कुणाला बोलला नाही. पुंडलिकराव काल चावडीत डोकं धरून बसलेले, समोर मंजूर होऊन आलेलं अंदाजपत्रक. "पैसे आहेत रे, माणूस नाही." काठावर गेलो तर पलीकडे अठरा पोरं दप्तरं घेऊन उभी, भागी हात हलवतेय. होडी सोडली आणि गेलो, दुसरं काय करणार.

आज अकरा खेपा. हात सोललेत. संध्याकाळी पुंडलिकरावांनी देवूचं नाव खोडून तिथं माझं लिहिलं, एक एप्रिल ते एकतीस मार्च. एवढं मी कुठेच राहिलो नाही. सोमवारी शाळा सातची आहे, पहिली खेप सव्वासहाला.